सहाव्या बारातला कोमल गंधार

तालीम संपली की मी मुलांना लगेच उठू देत नाही. आधी "पाणी काढा" म्हणतो. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्यूबा असल्या पितळी वाद्यांत तासभर फुंकलं की श्वासातली वाफ नळीत गार होऊन तिचं पाणी होतं. वाद्याच्या खालच्या अंगाला एक बारीक कळ असते. ती दाबून फुंकलं की ते पाणी जमिनीवर पडतं. मग मी रांगांमधून फिरतो आणि फरशी बघतो. ज्याच्या खुर्चीखालची फरशी कोरडी, त्याने तासभर नुसते गाल फुगवलेले असतात.

ही तपासणी मी फौजेत शिकलो. चाळीस जणांच्या बँडमध्ये चार जण न वाजवता बसले तर ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि हे त्या चौघांना पक्कं ठाऊक असतं. क्लॅरिनेटवाल्यांची मी रीड बघतो. रीड म्हणजे तोंडापाशी बांधलेली वेताची पातळ पट्टी. वाजवलं असेल तर ती भिजते. एका वर्षी एका पोराच्या खुर्चीखाली फरशी चांगलीच ओली दिसली, जरा जास्तच ओली. वाकून पाहिलं तर पठ्ठ्याने प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतलं होतं. तेव्हापासून मी बाटल्याही वर्गाबाहेर ठेवायला लावतो.

माझी बायको मंगल म्हणते, "तुम्ही देवळातल्या तीर्थाचासुद्धा वास घेऊन बघाल." ती चेष्टा करते, पण माझा धंदाच तसा आहे. बँडमास्तर म्हणजे पगारी संशयखोर. चाळीस जण एकदम वाजवत असताना चुकीचा सूर कुठून आला हे ज्याला बोट दाखवून सांगता येत नाही, त्याने ताल द्यायची काठी हातात धरू नये.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. सतराव्या वर्षी फौजेच्या बँडमध्ये भरती झालो, तिथेच वाद्यं शिकलो, स्वरलिपी शिकलो आणि बँडसाठी लिहायलाही शिकलो. शेवटची बदली चेन्नईला झाली. मंगलला इथला समुद्र आवडला, मुलीला इथली शाळा आवडली, आणि मला निवृत्तीनंतर एका शाळेने बँड उभा करायला बोलावलं, म्हणून राहिलो. गावाकडे गेलो की अजून लोक विचारतात, "मोहिते, लग्नाच्या सुपाऱ्या कशा काय चालल्यात?" त्यांना मी आता समजावून सांगत नाही. इथे तुम्हाला सांगतो. कॉन्सर्ट बँड चालत नाही, बसून वाजवतो. त्यात व्हायोलिन नसतं, पेटी नसते; फुंकायची वाद्यं आणि बडवायची वाद्यं, एवढाच संसार. आणि शाळेच्या बँडसाठी लिहिणारा मनात येईल ते लिहू शकत नाही. यंदा बासरीवाल्या तीन मुली आहेत पण त्यांना वरचा षड्ज लागत नाही, ट्रम्पेटवाल्याच्या दातांना नुकतीच तार बसवली आहे, ढोलवाला ताल सोडून पळतो, हे सगळं धरून लिहावं लागतं. घरात जे आहे त्यात स्वयंपाक करण्यातला प्रकार.

दर जानेवारीत इथल्या शाळांच्या बँडची स्पर्धा असते. शाळेशाळेत तेव्हा जे वातावरण असतं, त्यापुढे मी सीमेवर पाहिलेलं वातावरण मोकळं होतं. एकदा आमची पाळी आली आणि तिन्ही ट्रम्पेटच्या कळा जाम. दाबल्या की खालीच राहायच्या. सकाळी शाळेत सगळं ठीक होतं, मग दोन तासांत हे कुणी केलं? आमच्या आधी वाजवून गेलेल्या शाळेच्या बँडमास्तरला मी पडद्यामागे अडवलं आणि नको नको ते बोललो. नंतर उलगडा झाला. एका मुलाच्या आजीने नातवाच्या वाद्याला मायेने खोबरेल तेल घातलं होतं, आणि त्याने उरलेलं दोघा मित्रांना दिलं होतं. आमच्या उकाड्यातल्या खोलीत तेल पातळ होतं. सभागृहातल्या एसीत ते गोठलं. मी त्या मास्तरची माफी मागितली, पण मनातून नाही. मनात म्हणालो, या वेळी तेल निघालं, पुढच्या वेळी हाच निघेल.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसलो त्यांच्याकडे येतो.

शाळेत लागलो त्याच वर्षी रघुनाथराव माझे मदतनीस म्हणून आले. तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. तिशी-चाळिशीत चेन्नईला आले, बँकेत नोकरी केली आणि निवृत्त होऊन एग्मोर स्टेशनच्या मागे राहत होते. उंच, किडकिडीत, कपाळाला गंधाचं उभं नाम, आणि त्या अंगकाठीला न शोभणारं भलंमोठं युफोनियम. युफोनियम म्हणजे ट्यूबाचं धाकटं भावंड, आवाज पुरुषी पण मऊ. पहिल्या दिवशी मी मराठी आहे कळल्यावर ते हात जोडून म्हणाले, "मास्टर, तुम्ही आमचेच की! बेष झालं." मला त्यांच्या मराठीचाच आधी संशय आला. 'मी केलं' न म्हणता ते 'मी केलों' म्हणायचे, हेल सगळा तमिळ, आणि मधेच असा एखादा शब्द की आमच्या खापरपणजोबांनी वापरला असेल. मला वाटलं, हा माणूस माझी खुशामत करायला कुठूनतरी चार वाक्यं शिकून आलाय. हळूहळू कळलं की घरात ते असंच बोलतात, तीनशे वर्षं असंच बोलत आलेत.

पितळी वाद्यांच्या मुलांना शिकवणं आणि माझ्या रचना उतरवून काढणं ही त्यांची कामं. उतरवून काढणं म्हणजे काय तेही सांगतो. बँडमास्तरापुढे सगळ्या वाद्यांचं मिळून एक मोठं बाड असतं. मुलांपुढे ते नसतं. प्रत्येकापुढे फक्त त्याच्या वाद्याचा कागद. ते कागद बाडावरून एकेक वेगळे लिहून काढावे लागतात. आता हे काम कॉम्प्युटर मिनिटात करतो. पण कॉम्प्युटरवरचं बाड म्हणजे गावभर लावलेला फलक. एकाने मोबाइलवरून पाठवलं की स्पर्धेच्या आधी दहा शाळांत पोचतं. म्हणून मी पेन्सिलीने लिहायचो, रघुनाथराव शाईने उतरवायचे, झेरॉक्स काढायला बंदी, आणि तालीम संपली की कागद मोजून कपाटात. कपाटाची एक किल्ली माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. त्यांचं अक्षर असं की सुरांचे ठिपके पेरणी केल्यासारखे सारख्या अंतरावर पडायचे. नऊ वर्षांत त्यांच्या कागदात मला एक चूक सापडली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी स्पर्धेसाठी मी नवी रचना लिहायला घेतली. एका सुट्टीच्या सकाळी मंगलबरोबर चेन्नईजवळच्या कोवलमला गेलो होतो. कोळी समुद्रातून जाळं ओढत होते, वीस-पंचवीस जण दोराला लागलेले, सगळे एकदम मागे रेलायचे, थांबायचे, पुन्हा रेलायचे. बघता बघता माझ्या डोक्यात एक धून सुरू झाली. सावकाश, जड, दम घेत पुढे जाणारी. आठ बारांची. बार म्हणजे स्वरलिपीतलं मोजमाप, आपल्या आवर्तनासारखं. मी मासे विकत घ्यायला आलेल्या बायकोकडून सामानाची यादी हिसकावली आणि त्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर धून उतरवून घेतली. इतकी अलगद धून मला आयुष्यात कधी सुचली नव्हती. तेव्हाच शंका यायला हवी होती. इतर प्रत्येक गोष्टीवर मी शंका घेतो, त्या दिवशी मात्र स्वतःच्या पाठीवर थाप मारली.

रचनेचं नाव ठेवलं 'जाळं'. सुरुवातीलाच ती धून युफोनियमवर एकट्याने वाजवायची आणि मग एकेक वाद्य दोराला लागावं तसं तिला येऊन मिळायचं. युफोनियमवर निवेदिता नावाची नववीतली मुलगी होती, रघुनाथरावांचीच चेली. मी बाड त्यांच्या हातात दिलं. दुसऱ्या आठवड्यात सगळे कागद तयार. देताना त्यांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुललेला.

"मास्टर, काय सांगू? बेष लिहिलांत. घरांत सगळ्यांस सांगितलों."

मी चमकलो. "घरात कशाला सांगितलंत? बाहेर जायला नको."

"घरांतच की," म्हणाले, आणि हसले.

पहिल्याच तालमीत निवेदिताने सहाव्या बारात गडबड केली. मी शुद्ध गंधार लिहिला होता, तिने कोमल वाजवला. अर्धा स्वर खाली. काठी आपटून थांबवलं, कागद मागवला, तर कागदावरच कोमलची खूण. रघुनाथरावांच्या स्वच्छ अक्षरात. नऊ वर्षांतली पहिली चूक. ते पुढे आले, कागद पाहिला आणि जीभ चावली. "अय्यो. हात गेला, मास्टर." मी पेन्सिलीने खूण खोडली आणि विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

डिसेंबरात गावी जायची तिकिटं काढायला मी एग्मोरला गेलो होतो. परत येताना तिथल्या एका शाळेच्या कुंपणाजवळून चाललो होतो. त्या शाळेचा बँड आमचा कायमचा प्रतिस्पर्धी. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडी होती आणि आतून एक क्लॅरिनेट वाजत होतं. माझी धून. 'जाळं'ची सुरुवात, आठच्या आठ बार, सहाव्या बारात कोमल गंधार.

मी मोबाइल कानाला लावून भिंतीशी उभा राहिलो. धून पुन्हा वाजली, पुन्हा तोच कोमल. तेवढ्यात त्या शाळेचा रखवालदार बाहेर आला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाला, "यारु वेणुम, सार?" कोण पाहिजे? आयुष्यभर दुसऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या माणसावर अशी वेळ आली. मी "कुणी नाही" म्हणून सटकलो.

लोकलमध्ये बसल्या बसल्या सगळा हिशेब जुळला. ही धून मी तालमीबाहेर कुणाला ऐकवली नव्हती. कागद कपाटात. माझ्या बाडात शुद्ध गंधार, आणि कोमल फक्त एकाच कागदावर होता, तोही मी खोडण्याआधी. म्हणजे नक्कल त्या कागदावरून झाली, किंवा ज्या हाताने तो कागद लिहिला त्या हाताने दुसरा लिहिला. त्यात रघुनाथरावांची नात वैष्णवी त्याच एग्मोरच्या शाळेत शिकते आणि क्लॅरिनेट वाजवते, हे मला माहीत होतं. त्यांनीच कौतुकाने सांगितलं होतं. इतका स्वच्छ पुरावा फौजेच्या चौकशीतसुद्धा मिळत नाही.

घरी येऊन मंगलला सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता एकच प्रश्न विचारला, "त्यांना विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? कागद बोलतोय."

"कागद बोलत असेल. पण माणूस शेजारच्या खोलीत बसतो ना? तोही बोलेल."

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी तालमीच्या आधी चाळीस मुलं वाद्यं घेऊन बसलेली असताना मी रघुनाथरावांना पुढे बोलावलं. मुद्दाम तमिळमध्ये बोललो, मुलांनाही धडा मिळावा म्हणून. म्हणालो, "राव, कपाटाची किल्ली द्या. आपली धून एग्मोरच्या शाळेत पोचली आहे. सहाव्या बारातल्या तुमच्या चुकीसकट."

ते गोंधळले. "कोणती धून?"

मी गुणगुणून दाखवली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी ओळख पटल्यासारखं काहीतरी आलं, मग ते मुलांकडे वळून पाहायला लागले, मग पुन्हा माझ्याकडे. खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्या बाडावर ठेवली, "सेरी, मास्टर," बरं, एवढंच म्हणाले, युफोनियम पेटीत घातलं आणि गेले. चोर पकडला गेला की असाच गप्प होतो, असं मी मनाशी म्हटलं. मुलं खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, भेदरली आहेत.

स्पर्धेपर्यंतचे तीन आठवडे पितळी वाद्यांना मीच शिकवलं. मी एकाच गोष्टीची वाट बघत होतो, एग्मोरची शाळा माझी धून वाजवते कधी आणि मी परीक्षकांपुढे आक्षेप घेतो कधी. आक्षेपाचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता. त्यांची पाळी आली. त्यांनी संचलनाचे दोन मार्च वाजवले आणि एक लोकगीत. 'जाळं'चा मागमूस नाही. मला वाटलं, घाबरले, शेवटच्या क्षणी बदललं.

मग आमची पाळी. निवेदिता सुरू झाली. पाच बार अगदी सरळ, आणि सहाव्यात तिने कोमल गंधार लावला. खोडलेला, तीन आठवडे मी रोज दुरुस्त करून घेतलेला. मी काठीमागून डोळे वटारले. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. बाकी रचना चांगली झाली. आम्ही दुसरे आलो.

बाहेर मुलं बसमध्ये सामान चढवत होती. एग्मोरच्या शाळेच्या गणवेशातली एक मुलगी क्लॅरिनेटची पेटी छातीशी धरून माझ्यापुढे आली. तोवर मी वैष्णवीला पाहिलं नव्हतं, पण नाक सरळ रघुनाथरावांचं. मी सावध झालो. ती मराठी-तमिळ-इंग्रजीच्या मिश्रणात, आजोबांना ताता म्हणत, म्हणाली, "मास्टर अंकल, ताताची धून तुम्ही किती छान केलात! ती अक्का पण बरोबर वाजवली. पण ताता कोठ आहे? आला नाही?"

"कुणाची धून?"

"ताताची. त्याच्या आजोबांची. वाजवायच्या आधी तोंड मोकळं करायला आम्ही सगळे तीच वाजवतो ना. मीपण. घरी ताता सांगितला होता, मास्टरने आपली धून घेतली म्हणून. सगळ्यांस पायसम दिला."

बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि ती मुलगी अजून माझ्याकडे बघत होती.

इथे धंद्यातली एक गोष्ट उघड करावी लागते. फुंकणारा प्रत्येक माणूस वाद्य हातात घेतल्यावर आधी ओठ आणि श्वास मोकळे करायला काहीतरी वाजवतो. प्रत्येकाचं ठरलेलं असतं. चाळीस जण चाळीस तऱ्हांनी हे एकाच वेळी करतात तेव्हा खोलीत मासळीबाजार होतो. बँडमास्तर पहिल्या वर्षी वेडा होतो आणि मग कान बंद करायला शिकतो. मी तर ह्याचा अभिमान बाळगायचो. बाजूला गोंगाट चालू असताना मी बाड लिहीत बसू शकतो, असं फुशारकीने सांगायचो. रघुनाथराव नऊ वर्षं, माझ्या खोलीच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून, प्रत्येक तालमीआधी ते आठ बार वाजवत होते. मी ते एकदाही ऐकले नाहीत आणि एकदाही विसरलो नाही. कोवलमला ते माझ्या डोक्यातून वर आले तेव्हा त्यांच्यावर नाव नव्हतं, म्हणून मी माझं घातलं. आणि गंधार चुकला होता तो माझा. रघुनाथराव कागद उतरवताना बाड बघत नव्हते. जी धून माणूस लहानपणापासून वाजवतो, ती तो बघून कशाला लिहील? हात गेला म्हणाले ते अक्षरशः खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एग्मोरला त्यांच्या घरी गेलो. जिन्यातच दोनदा परत फिरलो. दार त्यांच्या पत्नीने उघडलं, आत बसवलं, विचारायच्या आधी फिल्टर कॉफी आणली. त्यांना काही माहीत नव्हतं. तालमी संपल्या म्हणून हे घरी असतात, एवढंच रघुनाथरावांनी सांगितलं होतं. ते आतून आले, धोतर नेसून, आणि समोर बसले. मी जमेल तशी माफी मागितली. फार वाईट मागितली. मध्ये मध्ये कागदाचं, पुराव्याचं सांगत राहिलो, जणू चूक माझी नाही, पुराव्याची होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मजला चोर म्हणालांत, ते परवायिल्लै, हरकत नाही, मास्टर. ते जातं. पण बाड हातांत आलं तेव्हा मी समजलों, मास्टर रोज ऐकत होते. कधी बोलले नाहीत, पण ऐकत होते. माझ्या आज्याची धून एवढ्या बँडला दिले. त्या दिवशी तुम्ही गुणगुणून दाखवलांत, तेव्हा कळलं. तुम्ही ऐकलांतच नाही."

मी विचारलं, "मग तिथेच का नाही सांगितलंत? एका वाक्यात मी खोटा पडलो असतो."

"चाळीस मुलांसमोर? काय सांगू? मास्टरने माझी धून उचलली म्हणून? ती मुलं तुम्हांस मास्टर म्हणतात."

घरी आलो तो मंगल दारातच उभी. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "चाळीस मुलांसमोर घेतलंत ना सगळं त्यांचं? मग चाळीस मुलांसमोरच बोला. घरी जाऊन कॉफी पिऊन आलात, हे काही माफी मागणं नव्हे." मी परीक्षा, सुट्ट्या, नवीन मुख्याध्यापिका अशी कारणं काढत जूनपर्यंत ढकललं. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. माझ्या बँडमध्ये शिस्त उरणार नाही, मुलं मान देणार नाहीत, पालकांपर्यंत जाईल. बाडावर मी तोवर 'धून : रघुनाथरावांच्या आजोबांची' असं लिहिलं होतं आणि गंधारही कोमल केला होता, पण कपाटात बंद असलेल्या बाडावर लिहायला धाडस लागत नाही. त्या सुट्टीत मी माझ्या जुन्या रचनाही काढून बसलो. आता त्यातल्या कुठल्याच धुनेबद्दल मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. एकीत मला सुभेदाराची शिट्टी ऐकू येते, एकीत गावच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा. दुसऱ्यांच्या खुर्च्यांखालची फरशी तपासत आलो आणि स्वतःची कधी पाहिली नाही.

रघुनाथरावांना मी परत कामावर बोलावलं होतं. ते नाही म्हणाले, रागाने नाही. "आता मी फुंकलों की तुम्ही कान लावून बसणार," म्हणाले. "मग ओठ कसे मोकळे होतील?" पण एक दिवस यायचं कबूल केलं, फक्त ऐकायला.

शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या तालमीला ते आले आणि दाराशीच उभे राहिले. मी खुर्ची दिली, बसले नाहीत. चाळीसपैकी दोघं-तिघं बदलले होते, बाकी तीच मुलं. मी काठी खाली ठेवली. घरून पाठ करून आलो होतो. तमिळमध्येच म्हणालो, "डिसेंबरात मी तुमच्यासमोर म्हणालो की राव सारांनी आपली धून बाहेर दिली. ते खोटं होतं. ती धून आपली नव्हती, माझी तर नव्हतीच. ती राव सारांची आहे. चोरी झाली ती माझ्या हातून झाली."

मी थांबलो. कुजबुज होईल, कुणी हसेल, कुणी चकित होऊन शेजाऱ्याकडे बघेल, यासाठी मनाची तयारी केली होती. तसलं काहीच झालं नाही. एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सगळी मुलं माझ्याकडे शांतपणे बघत होती.

मग निवेदिता मांडीवरचं युफोनियम सावरत म्हणाली, "तेरियुम, मास्टर."

माहीत आहे.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तुम्ही पहिल्यांदा कागद वाटलेत तेव्हापासून. आम्ही सगळ्यांनी राव सारांकडे बघितलं. ते खूश दिसत होते, म्हणून आम्हालाही वाटलं की तुम्हाला माहीत आहे."

"आणि मी त्यांच्याकडून किल्ली घेतली तेव्हा? तेव्हा कुणीच का बोललं नाही?"

तिने शेजारच्या ट्यूबावाल्याकडे पाहिलं. तो बुटांकडे बघायला लागला. मागे ढोलापाशी कुणीतरी खाकरलं. शेवटी तीच बोलली, अगदी आदराने, उत्तरपत्रिकेत लिहावं तसं.

"तुम्ही कुणाचं खरं मानत नाही, मास्टर. म्हणून तुम्हाला कुणी काही सांगत नाही."

दाराशी रघुनाथराव हसले. पहिल्या दिवशी मला पाहून हसले होते तसेच, सबंध तोंडभर. पण ते मुलांकडे पाहत होते.